अर्क पाजण्याआधी

वनस्पतीचा अर्क किती विषारी आहे हे रॅटवर तपासायचं असेल, तर प्राणिप्रयोगांच्या नैतिक समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नकोस. अर्कातला विद्रावक, म्हणजे ज्या द्रवात अर्क काढला तो, पूर्ण उडालाय ना, तेही आधी बघ. नाहीतर त्याचं विष बिचाऱ्या वनस्पतीच्या माथी बसतं.

ओईसीडी ४२३ या, तोंडावाटे दिलेल्या डोसचा विषारीपणा तपासायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एका टप्प्याला ३ प्राणी पुरतात, बहुधा माद्या. अर्काची काहीच माहिती नसेल तर प्राण्याच्या दर किलो वजनामागे ३०० मिग्रॅपासून सुरू कर. रॅटचं खाणं रात्रभर बंद, पाणी मात्र चालू.

डोस दिल्यावर पहिला अर्धा तास जागचा हलू नकोस. केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले, कोपऱ्यात आक्रसून बसलेला प्राणी लगेच ओळखू येतो. पुढे १४ दिवस रोज बघायचं. मात्र फार तळमळत असेल, तर पशुवैद्यकाला बोलावून तिथेच वेदनारहित मृत्यू दे.