थरथर घालवताना उशीर किती परवडतो?

वाचकांचे प्रश्न : नागपूर

प्रश्न (महाल) : मंडळाच्या देखाव्यासाठी टचडिझायनर या लाइव्ह दृश्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताच्या सेन्सरवरून पडद्यावरचा दिवा फिरवतो. हात स्थिर असला तरी दिवा थरथरतो. लॅग चॉपचा (बदल सावकाश करणाऱ्या नोडचा) आकडा वाढवला की थरथर जाते, पण दिवा हाताच्या मागे रेंगाळतो. काय करावे?

उत्तर : लॅग चॉपमधले पहिले घर किंमत चढताना लागू होते, दुसरे उतरताना. तिथे ०.४ सेकंद टाकलेत, तर बदलाचा ९० टक्के भाग गाठायला दिव्याला ०.४ सेकंद लागणार. लाइव्ह चॅनेलला, म्हणजे सेन्सरकडून सतत येणाऱ्या आकड्यांना, पुढची किंमत ठाऊक नसते, त्यामुळे गुळगुळीतपणा हवा तर उशीर आलाच. हा उशीर हात स्थिर असताना कुणाला दिसत नाही, हात वेगात असतानाच खटकतो. म्हणून लॅग काढा आणि फिल्टर चॉपमध्ये वन युरो हा प्रकार निवडा. यात वेग वाढला की गाळणी आपोआप सैल होते.

स्पीड कोएफिशंट (वेगाप्रमाणे गाळणी किती सैल व्हावी तो आकडा) आधी शून्य करा. हात हवेत स्थिर धरून कटऑफ फ्रीक्वेन्सी १ पासून खाली आणत जा; ती कमी झाली की गाळणी घट्ट होते. थरथर थांबली की तिथेच सोडा. मग हात जोरात डावी-उजवीकडे फिरवत स्पीड कोएफिशंट थोडाथोडा वाढवा. दोन्ही आकडे एकदम हलवलेत तर कशाने काय झाले ते कळणार नाही.

त्याआधी कच्चा चॅनेल एकदा नीट बघा. हात कॅमेऱ्याबाहेर गेला की बरेच सेन्सर सरळ शून्य पाठवतात. एका फ्रेमचे ते शून्य गाळणीत शिरले की पुढच्या कितीतरी फ्रेममध्ये पसरते आणि दिवा कोपऱ्याकडे झोल खातो. हात दिसत नसेल तेव्हा शेवटची चांगली किंमत धरून ठेवा, आणि ते गाळणीच्या आधी. नंतर करून उपयोग नाही.

रेकॉर्ड करून ठेवलेल्या हालचालीला मात्र ही कसरत नको. तिथे गॉशियन स्मूथ (शेजारच्या फ्रेमची भारित सरासरी) दोन्ही बाजूंच्या फ्रेम बघते, उशीर शून्य. फक्त टोके बोथट होतात, म्हणून पाऊल टेकते किंवा टाळी वाजते त्या फ्रेम निवडीतून वगळा.

प्रश्न (धरमपेठ) : माझ्या कोडमध्ये दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा ०.१ भाग पुढे सरकतो. घरी सेकंदाला ६० फ्रेमवर छान, कॉलेजच्या मशीनवर ३० फ्रेमवर सुस्त. का?

उत्तर : ९० टक्के अंतर कापायला २२ फ्रेम लागतात. ६० ला ते ०.३७ सेकंद, ३० ला ०.७३. ३० फ्रेमवर आकडा ०.१९ हवा, ०.२ नव्हे, कारण ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. मशीन दर फ्रेमला वेगळा वेळ घेत असेल तर आकडा ठरावीक ठेवूच नका. फ्रेमला लागलेला वेळ सेकंदांत घेऊन ०.१५८ ने भागा, उत्तराला उणे चिन्ह देऊन ई (२.७१८) चा तेवढा घात काढा, तो १ मधून वजा करा.

प्रश्न (इतवारी) : मारबतीच्या मिरवणुकीवर आफ्टर इफेक्ट्समध्ये छोटी फिल्म करतो आहे. बडग्याच्या (मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या) गळ्यातल्या माळेचे १२ मणी एकामागून एक झुलतात. प्रत्येक मण्याला आधीच्या मण्याचे एक्स्प्रेशन (छोटे सूत्र) जोडले, आता रेंडर रडतखडत चालते.

उत्तर : बाराव्या मण्यासाठी मागचे अकराही मणी पुन्हा मोजले जातात. सगळ्यांना थेट पहिल्या मण्याला बांधा आणि व्हॅल्यू-ॲट-टाइममध्ये (दिलेल्या वेळेची किंमत देणाऱ्या फंक्शनमध्ये) चालू वेळेतून (मण्याचा क्रमांक उणे १) गुणिले ०.०८ सेकंद वजा करा. सेकंदाला २५ फ्रेमच्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशनमध्ये) ०.०८ सेकंद म्हणजे दर मण्यामागे दोन फ्रेम होतात. शेवटचा मणी २२ फ्रेम मागे असेल, म्हणून झुलणे शॉटच्या किमान २२ फ्रेम आधी सुरू करा. नाहीतर सुरुवातीला शेपटाकडचे मणी खिळल्यासारखे दिसतात. नुसत्या उशिराने प्रत्येक मणी तंतोतंत तेवढाच झुलतो, माळ पत्र्याची वाटते. झोका क्रमांकाप्रमाणे थोडा वाढवत न्या.

प्रश्न (वर्धा रोड) : चाकाच्या कोनाचे आकडे स्मूथ केल्यावर चाक मध्येच गरकन उलटे फिरते.

उत्तर : कोन ३५९ वरून १ वर उडी मारतो आणि सरासरी १८० च्या आसपास निघते. स्मूथ करण्याआधी उडीनंतरच्या सगळ्या किमतींत ३६० मिळवा, म्हणजे १ चे ३६१ होईल. लाइव्ह असेल तर कोनाचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे गाळा आणि शेवटी त्यांच्यापासून कोन परत काढा.