मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी चार तारांचा बेस घ्यावा की पाच तारांचा, आणि सोबत अ‍ॅम्प घ्यावा का?

आपण विचारले आहे की, घरी शिकून झाल्यावर आता नोकरी सांभाळून मुंबईतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये आणि जमल्यास एखाद्या बँडमध्ये बेस (बेस गिटार) वाजवायचा आहे, तर इथले वादक कोणते वाद्य वापरतात, चार तारा पुरतात का, आणि अ‍ॅम्पवर किती खर्च करावा. मी मराठी-हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत बेस वाजवतो आणि अधूनमधून इंग्रजी गाणी करणाऱ्या बँडबरोबरही उभा राहतो, त्यामुळे दोन्हीकडच्या गरजा मला ठाऊक आहेत. माझे मत आधीच सांगतो: ऑर्केस्ट्राचे काम करायचे असेल तर पाच तारांचा बेस घ्या, मोठा अ‍ॅम्प घेऊ नका, आणि वाचलेल्या पैशांतून चांगला डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) घेऊन वाद्याचा सेटअप (मान आणि तारांची जुळणी) जाणकाराकडून करून घ्या.

पाचव्या तारेचा आग्रह मी गायकांच्या पट्टीमुळे (ज्या स्वराला सा धरून ते गातात त्यामुळे) धरतो. चार तारांच्या बेसच्या तारा ई, ए, डी, जी अशा लावलेल्या असतात, म्हणजे त्याचा सर्वांत खालचा स्वर ई, पेटीच्या हिशेबाने पांढरी तीन, सुमारे ४१ हर्ट्झचा. आपल्याकडचे अनेक पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, आणि या दोन्ही पट्ट्यांचा खर्जातला सा नेमका त्या शेवटच्या स्वराच्या खाली राहतो. अशा वेळी चार तारांच्या वादकाला सा ए तारेवर वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. गाणे चुकत नाही, पण अंतरा संपवून मुखड्यावर येताना बेसने जे वजन द्यायचे असते ते मिळत नाही. पाच तारांच्या बेसवर खाली बी तार असते, सुमारे ३१ हर्ट्झची. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या दांडीपाशी) काळी एकचा सा आणि चौथ्या फ्रेटवर काळी दोनचा सा सहज हाताखाली येतो. गायिका बहुधा पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास गातात, तिथे चार तारा पुरतात. इंग्रजी रॉकमधली बरीच गाणी गिटारवरच बसवलेली असल्यामुळे ई आणि ए या स्वरांभोवती फिरतात, म्हणून बँडमधले वादक चार तारांवर समाधानी असतात आणि ऑर्केस्ट्रातले पाचवी तार सोडत नाहीत. या दोघांचा वाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि दोघेही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत.

पट्टीशी जोडलेली दुसरी गोष्ट वाद्य निवडण्याइतकीच महत्त्वाची आहे. अलीकडच्याच एका कार्यक्रमात पडदा उघडायच्या थोडे आधी गायकाचा घसा बसल्याचे लक्षात आले, आणि काळी दोनमध्ये तालीम केलेली सगळी गाणी काळी एकमध्ये घ्यायची ठरली. की-बोर्डवाल्याने ट्रान्सपोजचे बटण दोनदा दाबले आणि त्याचे काम झाले. बेसवादकाला मात्र प्रत्येक स्वर दोन फ्रेट खाली सरकवावा लागतो, आणि ज्याने गाणी मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारांच्या आधाराने पाठ केली असतील त्याची पंचाईत होते, कारण मोकळी तार खाली सरकत नाही. म्हणून ऑर्केस्ट्रातली गाणी बसवताना शक्य तिथे मोकळी तार टाळा आणि बोटांची ठेवण अशी ठेवा की संपूर्ण गाणे जसेच्या तसे वरखाली सरकवता येईल. हीच सवय असेल तर पाचवी तार खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण खाली सरकायला जागा शिल्लक राहते.

वाद्य पाहायला धोबीतलावच्या किंवा वांद्रे-खारच्या दुकानांत जाल तेव्हा रंग आणि नाव बाजूला ठेवून आधी बी तार तपासा. स्वस्त पाच तारांच्या बेसमध्ये हीच तार ढिली आणि बोजड वाजते. मोकळी ई तार वाजवा आणि लगेच बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच स्वर वाजवा. दोन्हींचा उठाव आणि स्पष्टपणा जवळपास सारखा वाटला तर वाद्य घेण्यासारखे आहे. बहुतेक बेसची तारेची लांबी ३४ इंच असते, काही उत्पादक पाच तारांसाठी ३५ इंच ठेवतात आणि त्यामुळे बी तार अधिक ताठ राहते, पण हात लहान असेल तर पहिल्या चार फ्रेटवर बोटे जास्त ताणावी लागतात. तारांमधले अंतरही बघा. ते ब्रिजपाशी (तारा खाली जिथे टेकतात तिथे) साधारण १६ ते १९ मिलिमीटर असते. बोटे जाड असतील तर अरुंद अंतरावर शेजारची तार लागत राहते. आयबानेझचा जीएसआर २०५ किंवा यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ या पाच तारांच्या वाद्यांवर काम सुरू केलेले वादक आपल्याला बरेच भेटतील, आणि सुरुवातीला त्याहून महाग वाद्याची गरज मला वाटत नाही.

प्रिसिजन की जॅझ हा वाद बेसवादकांमध्ये कधीच संपत नाही. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये बाजारात आणला, आणि आज दुकानात दिसणारे बहुतेक बेस या दोघांपैकी एकाचे किंवा दोघांच्या मिश्रणाचे वंशज आहेत. प्रिसिजनचा आवाज मधल्या भागात भरीव असतो आणि गर्दीच्या वाद्यमेळात आपली जागा धरून राहतो. जॅझच्या दोन पिकअपमुळे (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकांमुळे) आवाजात अधिक छटा मिळतात आणि त्याची मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला) अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटरची असल्याने हात कमी दमतो. पण मंडपातल्या रंगमंचावर एक व्यावहारिक फरक पडतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. तिथे डिमर, एलईडी दिवे आणि जनरेटर हे सगळे शेजारी असतात, आणि जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला तर त्यात दिव्यांची घरघर शिरते. दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर ठेवले की ती बहुतांशी नाहीशी होते. १९५७ पासून प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप बसवला जातो आणि त्याच्या रचनेतच ही घरघर कापली जाते. गणेशोत्सव आणि नवरात्रातली कामे जास्त करणार असाल तर घरघर कापणारे पिकअप असलेलेच वाद्य घ्या.

अ‍ॅक्टिव्ह बेसबद्दल थोडक्यात सांगतो. त्याच्या आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो, त्यामुळे रंगमंचावर उभे राहूनच बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) कमी-जास्त करता येतात. बहुतेक वाद्यांत केबल जॅकमध्ये अडकवलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून मध्यंतरात केबल काढून ठेवायची सवय लावा आणि बॅगेत नवी बॅटरी असू द्या.

आता अ‍ॅम्प. दीनानाथ नाट्यगृह असो, शिवाजी मंदिर असो किंवा एखाद्या सोसायटीचे पटांगण असो, ऑर्केस्ट्रात बेस जवळजवळ नेहमी डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जातो आणि वादक स्वतःला मॉनिटरमध्ये ऐकतो. बँड जिथे वाजवतात त्या क्लबांमध्ये अ‍ॅम्प बहुधा जागेवरच असतो, आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्येही असतो. मग दहा इंची दोन स्पीकरांचे वीस किलोचे कॅबिनेट आपण कुठे नेणार? लोकलने ते नेता येत नाही, टॅक्सीच्या भाड्यात बिदागी संपते, आणि चाळीत किंवा फ्लॅटमध्ये ते लावले तर खालचे स्वर स्लॅबमधून थेट शेजाऱ्यांच्या घरात उतरतात. घरी रियाझासाठी हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प किंवा १५-२० वॉटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प पुरेसा आहे.

डीआय बॉक्स मात्र स्वतःचा असू द्या. उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात (ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, सणांच्या ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते), त्यामुळे कार्यक्रम वेळेत उरकायची घाई असते आणि साउंडचेकमध्ये बेसच्या वाट्याला एक-दोन मिनिटेच येतात. अशा वेळी साउंडवाल्याच्या पेटीतून जो मिळेल तो डीआय लावला तर आवाज कसा येईल याचा भरवसा नसतो. आपला बेस पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या, कारण ट्रान्सफॉर्मरवर चालणारा साधा डीआय अनेकदा पॅसिव्ह पिकअपवर भार टाकतो आणि आवाज मंद होतो. अ‍ॅक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो चालू करायला साउंडवाल्याला आठवणीने सांगा. लाइनमध्ये घरघर आली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. तो जिवावर बेतू शकतो, त्याला ठाम नकार द्या.

सोसायटीच्या कार्यक्रमात स्टँडवर दोन टॉप (मुख्य स्पीकर) असतात आणि सब-वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) नसतो. असे स्पीकर ५० हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाहीत, म्हणजे बी तारेचा मूळ स्वर श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. कान त्याच्या वरच्या स्वरांशांवरून तो ओळखतात. म्हणून अशा ठिकाणी बास वाढवू नका, उलट किंचित कमी करा आणि ७०० ते १००० हर्ट्झचा मधला भाग थोडा उचला. आपल्याला तो आवाज जवळून कोरडा वाटेल, पण शेवटच्या रांगेत प्रत्येक स्वर वेगळा ऐकू जाईल.

या सगळ्या साहित्यापेक्षा कार्यक्रमावर जास्त परिणाम करणारी सवय म्हणजे की-बोर्डवाल्याशी आधी बोलून घेणे. अनेक छोट्या ऑर्केस्ट्रांत बेसवादक नसतोच आणि की-बोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळतो. आपण गेलो तरी त्याचा डावा हात सवयीने चालूच राहतो, दोन बेस एकमेकांवर आदळतात आणि समोर नुसता गडगडाट ऐकू येतो. तालमीतच, मान ठेवून, 'दादा, खालचा भाग मी धरतो, तुम्ही वरचे कॉर्ड भरा' असे सांगितले की बहुतेक जण आनंदाने हात उचलतात. तबल्याच्या डग्ग्यालाही अशीच जागा द्यावी लागते. भावगीतात डग्ग्याची घुमक आणि बेसचा लांब धरलेला स्वर एकाच वेळी आले तर दोन्ही गढूळ होतात, म्हणून समेवर सा देऊन तार लगेच तळहाताने आवरावी आणि खालीत शक्यतो मोकळी जागा सोडावी. या कामासाठी मला फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आवडतात, कारण त्यांचा स्वर गोल असतो आणि लवकर मावळतो. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी फ्लॅटवाउंड तारांवरच काम केले. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्यासाठी टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस हेडफोन लावून ऐका. ठेका आणि बेस यांच्यातली वाटणी तिथे शिकायला मिळते.

मुंबईच्या हवेची काळजी वेगळी घ्यावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगते, मान वाकते आणि तारा पाहता पाहता गंजतात. वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून सुती कापडाने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मान तपासायला पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. ती साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळी) पाव फेरा आवळून थोडा वेळ थांबा आणि मगच पुन्हा बघा. वातानुकूलित नाट्यगृहात पोहोचल्यावर वाद्य लगेच बॅगेतून बाहेर काढून ठेवा आणि स्वर मात्र कार्यक्रमाच्या आधी, वाद्य त्या हवेला सरावल्यावर लावा.

नोकरी सांभाळून हे जमते. शनिवार-रविवारी कार्यक्रम जास्त असतात, आणि सुरुवात बहुधा बदली वादक म्हणून होते. हंगामात नेहमीच्या वादकाकडे एकाच दिवशी दोन सुपाऱ्या येतात आणि तो एका ठिकाणी दुसऱ्याला पाठवतो. बदली वादकाला तालीम मिळतेच असे नाही, मिळते ती गाण्यांची यादी. म्हणून एक वही करा, तिच्यात प्रत्येक गाण्यापुढे मूळ पट्टी, कॉर्ड, सुरुवातीच्या आणि मधल्या संगीताच्या मात्रा लिहा, आणि त्या कार्यक्रमातली गायकाची पट्टी पेन्सिलने लिहा, म्हणजे पुढच्या वेळी खोडता येईल. नाइट (एका कार्यक्रमाचे मानधन) किती मिळणार आणि प्रवासखर्च वेगळा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या; त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. ज्या वादकाने आपल्याला पाठवले असेल त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून कार्यक्रम कसा झाला ते कळवा, आणि त्याच ऑर्केस्ट्राकडून पुढचे बोलावणे थेट आपल्याला आले तर आधी त्याला विचारा.