जळगावचे फ्लॅट नंतर, आधी ती पॉलिसी

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेरचे, चिंचवडला भाड्याने राहतो. वय ३७, हातात पगार ८० हजार, पत्नी आणि दोन मुलं. पुण्यात घर झेपत नाही. नोकरी सोडून जळगावला जावं, कर्जावर ३०-३० लाखांचे दोन फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावेत, असा विचार आहे. प्रत्येकी ८ हजार भाडं मिळेल. डाउन पेमेंटला पॉलिसीत भरलेले ६ लाख आणि पीएफचे ६ लाख आहेत. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : नाही. एखादा महिना रिकामा, घरपट्टी, मेंटेनन्स धरलं तर फ्लॅटमागे वर्षाला ८० हजार उरतील, म्हणजे किमतीच्या पावणेतीन टक्के. २४ लाखांच्या कर्जाचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी, २१ हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून दरमहा २८ हजार खिशातून जातील, आणि खिशात पगार नसेल. मुद्रांक आणि नोंदणीचे चारेक लाख तर तुम्ही धरलेच नाहीत. शिवाय राजीनामा दिल्यावर कर्ज देणार कोण?

पण मला काळजी वाटते ती पॉलिसीची. बँकेत 'एफडीसारखीच आहे' म्हणून गळ्यात मारलेली. हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, २० वर्षांनी मिळणार ४० लाख, विमा फक्त १२ लाख. २४ चे ४० ऐकायला छान वाटतं. परतावा पाच टक्केसुद्धा नाही. पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्क्यांनी तेवढ्याच पैशांचे ५३ लाख होतात. आज मोडलीत तर ६ लाखांचे जेमतेम निम्मे हाती येतील. म्हणजे डाउन पेमेंटही कागदावरच.

आणि १२ लाख म्हणजे तुमचा पंधरा महिन्यांचा पगार. तुम्हाला काही झालं, तर त्यानंतर मुलांचं काय? त्यात ४८ लाखांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालात! एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, या वयात, सिगारेट-तंबाखू नसेल तर, वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तो नोकरीत असतानाच घ्या, कारण कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. मेडिक्लेमही स्वतःचा घ्या, ऑफिसचा नोकरीबरोबर जातो. टर्म पॉलिसी हातात पडली की मगच जुनीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मोडल्यावर मिळणारी रक्कम, लेखी मागवा आणि ती पेड-अप करायची (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवायची) की मोडायची ते ठरवू. पीएफला हात लावू नका.

गावाकडे यायचंच असेल तर कंपनीकडे घरून कामाची परवानगी मागा आणि जळगावात वर्षभर भाड्याने राहा. फ्लॅटचा इसार दिलाय का, हे पत्रात नाही. दिला असेल तर पावती आणि करारनामा लगेच पाठवा.