कन्व्हिक्ट माशांची जोडी घेताना

दुकानदार 'पेअर आहे' म्हणाला म्हणून लगेच पिशवीत भरून घेऊ नकोस, आधी पोट बघ. कन्व्हिक्ट सिक्लिडच्या वयात आलेल्या मादीच्या पोटावर नारिंगी झाक असते, मासा वळला की चमकते. नराला ती सहसा नसते. इथे सजते ती मादीच! नर मोठा, पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांची टोकं लांब, टोकदार. वय झालं की कपाळही फुगतं. इंचभर पिल्लांत मात्र यातलं काही धड कळत नाही. पाच-सहा एकत्र वाढव, जोडी ती आपापली लावतात. लागली की बाकीच्यांना लगेच दुसऱ्या टँकमध्ये हलव, नाहीतर बेदम मार खातील.

एंजलफिशला हे नियम लावू नकोस. तिथे अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली येणारी नळी बघायची: मादीची जाड, बोथट, नराची बारीक, टोकदार. दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात, म्हणून दर वेळी सगळी अंडी पांढरी पडली, म्हणजे फळलीच नाहीत, तर दोघींवर संशय घे.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला केनयी मासा घेणार असशील तर प्रौढ नर पिवळा आणि मादी निळी. पिल्लं सगळीच निळी, त्यामुळे रंगावरून निवडायला जाऊ नकोस.