मृत्युंजय अर्धवट सोडली, चालेल का?

प्रश्न: ताई, मी काही मोठी वाचक वगैरे नाही, लोकलमध्ये जमेल तेवढं वाचते. मृत्युंजय कादंबरी अर्ध्यात सोडली, नेमाड्यांची कोसला कळेना, धारपांच्या भयकथा मात्र रात्री जागून संपवते. माझी आवड उथळ आहे का हो?

उत्तर: छे हो, उथळ कसली! धारप आवडतात तर बिनधास्त वाचा. मृत्युंजय मलाही जडच गेली, भाषा फार नटवलेली वाटते, पण त्यात कर्णासोबत कुंती, दुर्योधन, त्याची स्वतःची बायको वृषाली असे वेगवेगळे लोक आपापली बाजू सांगतात ना, ते भारी आहे, सोडलीत तिथून वृषालीचा भाग तेवढा वाचून बघा. कोसलाला (१९६३ची आहे, तरी आजच्या हॉस्टेलमधली वाटते) कथानक शोधत बसू नका, तो पांडुरंग सांगवीकर दर दोन वाक्यांना उदाहरणार्थ आणि वगैरे करत बडबडतो ती मजा घ्या, आणि मग धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण येतं तिथे हसू पार थांबतं. लोकलसाठी विचाराल तर व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, छोटीशी आहे, धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, शेवटी दुष्काळ, उगाच रडारड नाही. ऐतिहासिकचं मला विचारू नका, तलवारी निघाल्या की मला झोप येते.