चांगलं कॉफी शॉप कसं ओळखायचं? (बेळगावात राहणाऱ्यासाठी)

आधी डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरवलेला कॉफीचा दाट अर्क) कधी काढलंय ते विचारा. सकाळचंच संध्याकाळी पुन्हा तापवून देत असतील तर उठा; ते कडू लागतं आणि वासही उडालेला असतो. मग चिकोरी (कॉफीच्या पुडीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती, ते विचारा. नियमाने मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी लागते, म्हणजे उरलेली सगळी चिकोरी असू शकते! तिने रंग दाट येतो, पण कॉफीची चव दबते. मला 80:20 आवडते. देशातली साधारण 70 टक्के कॉफी आपल्याच कर्नाटकात पिकते, चिकमगळूर-कोडगू काही परदेशात नाही, मग शिळ्या पुडीची कॉफी आपण का प्यायची?

टिळकवाडीत मी जातो तिथले काका दूध वर आलं की लगेच उतरवतात, जुन्या दुधात नवं मिसळत नाहीत. पेला उंच धरून वाटीत ओततात, फेस काठापर्यंत येतो. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, त्याच्याच भाषेत "साखर कमी घालू का?" म्हणून विचारतात. माझ्या वडिलांना शुगर आहे, काकांना आता ते विचारावंही लागत नाही.

खुर्च्या, वायफाय ठीक आहे. पेले मात्र गरम पाण्याने धुतलेले हवेत.