हे घरी आले की भांडणच का होतं?

"मॅडम, हे बाहेर असले की जीव टांगणीला लागलेला असतो. आणि घरी आले की दोन तासांत आमचं वाजतं. मग मी वाट तरी कशाची बघते?"

लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्या एका चालकाची पत्नी पहिल्याच भेटीत हे बोलली आणि रडू लागली. समुपदेशक म्हणून हाच प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकींकडून ऐकला आहे. म्हणून तिची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत बदलून, इथे सांगते.

मी म्हटलं, "शेवटचं भांडण सांगा. दार उघडलं तिथपासून."

नवरा अठरा दिवसांनी आला होता. आल्या आल्या खुर्चीत बसला, बूटही काढले नाहीत. हिच्या मनात अठरा दिवसांचं साठलेलं: सासूबाईंच्या तपासण्या, गळणारा नळ, थकलेला हप्ता. ती बोलत होती आणि तो भिंतीकडे बघत होता. तेवढ्यात मुलीनं विचारलं, "बाबा, सहलीला जाऊ?" तो म्हणाला, "जा की." आठवड्यापूर्वी आईनं तिला स्पष्ट नाही म्हटलेलं. तिथून ठिणगी पडली. "माझ्याच घरात माझं काही चालत नाही," असं तो म्हणाला, आणि ही म्हणाली, "अठरा दिवस हे घर कोण चालवतं?" ती रात्र त्यानं ट्रकच्या केबिनमध्ये काढली.

पुढच्या भेटीला ती त्याला घेऊन आली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टॉवेल कुठे आहे, तेसुद्धा विचारावं लागतं मला. पाहुण्यासारखं." हे ऐकून ती चमकली. टॉवेलचा कप्पा तिनं सोयीसाठी बदलला होता, त्यात त्याला दूर ठेवायचा विचार कुठे होता!

मला दोघांपैकी कुणाचीच चूक दिसली नाही. नवरा नसताना घराची घडी तिनं एकटीनं बसवलेली असते, आणि ती बसवावीच लागते. तो येतो तेव्हा त्याच्या डोक्यात जुनी घडी असते. १९८७ साली कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी अमेरिकी नौदलातल्या कुटुंबांबद्दल लिहिताना ताटातुटीचे सात टप्पे मांडले. निघण्याआधी चिडचिड आणि दुरावा, परतल्यावर पुन्हा जुळवून घेण्याची ओढाताण, हे सगळं त्यात येतं. नौदलातली माणसं काही महिन्यांत एकदा ज्यातून जातात, ते चक्र चालकाच्या घरी महिन्यातून एक-दोनदा फिरतं. जुळवून घेणं पुरं होतं न होतं तोच बॅग पुन्हा दाराशी.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी मी उगाच उकरून काढते, तेपण त्यातलंच?" हो, त्यातलंच. रागावून निरोप दिला की निरोपाचं दुःख कमी जाणवतं.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. आल्यावर अंघोळ, जेवण आणि पुरेशी झोप होईपर्यंत तक्रार नाही, निर्णय नाही. साठलेलं सगळं एका वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून वाचायचं. मुलीनं काही विचारलं तर त्यानं म्हणायचं, "आईशी बोलून सांगतो." आणि एक काम फक्त त्याचं, तो नसताना कुणी हात लावायचा नाही. त्यानं मुलीचा गणिताचा अभ्यास घेतला, गाडी थांबलेली असताना फोनवरून.

फोनचं मात्र मी सक्तीनं सांगितलं. गाडी चालू असताना घरचं गाऱ्हाणं नको, हँड्स-फ्री असलं तरी नको. हात मोकळे असले तरी लक्ष मोकळं नसतं. फोन गाडी उभी केल्यावर त्यानं करायचा. उशीर झाला तर ती कासावीस होणार, हे मला कळतं. म्हणून दिवसातून दोन वेळा ठरवल्या, आणि चुकल्या तर किती तासांनी कुणाला फोन लावायचा, तेही लिहून ठेवलं.

बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, "घोरतात फार. मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात." इथे मी थांबले. हे स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराचं लक्षण असू शकतं. त्यात रात्रभर झोपूनही झोप पुरी होत नाही, दिवसा डुलकी लागते, माणूस चिडका होतो, आणि हाती स्टिअरिंग असेल तर जिवावर बेतू शकतं. बसून काम आणि वाढतं वजन यांमुळे चालकांमध्ये हा त्रास बराच आढळतो. झोपेतलं हे लक्षण बहुतेकदा बायकोच्याच ध्यानात येतं. काम जाईल या भीतीनं तो तपासणी टाळत होता. मुलीनं हट्ट धरला तेव्हा गेला. निदान तेच निघालं, उपचार सुरू झाले, आणि महिनाभरात त्याचा चढलेला आवाज उतरला.

राहिली ती स्वतः. रात्री दोनला मूल तापलं तर कुणाला हाक मारायची, हे तिला सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या एका चालकाच्या पत्नीशी, दोघींना विचारून, मी तिची गाठ घालून दिली. माझ्या सल्ल्यापेक्षा त्या मैत्रीनं तिला जास्त सावरलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

परवा तिचा फोन आला. "निघताना भांडलो आम्ही, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या थांब्यावरून त्यांचा फोन आला. म्हणाले, वहीत लिहून ठेव, आल्यावर पुरं करू."